भरून आलेलं हृदय आणि अचानक मेलेली डुकरं

२०१९ च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये इटली आणि ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातला प्रयोग सांगायला सोपा आहे. डुकरांच्या हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी बंद करून त्यांना हार्ट अटॅक आणला, मेलेल्या भागाच्या कडेच्या स्नायूत एक जनुकीय औषध टोचलं आणि महिन्याभराने एमआरआयवर हृदयं पाहिली. औषध मिळालेल्या डुकरांच्या हृदयाचं आकुंचन चांगलंच सुधारलं होतं. स्नायू वाढला होता, व्रण लहान झाला होता. उंदरात असे निकाल पूर्वीही आले होते, पण डुकराचं हृदय आकाराने, ठोक्यांच्या गतीने आणि रक्तवाहिन्यांच्या रचनेने माणसाच्या हृदयाच्या पुष्कळ जवळ जातं. त्यामुळे ही बातमी मोठी होती.

प्रयोग इथेच थांबवला असता तर ‘हार्ट अटॅकवर रामबाण उपाय’ असा मथळा छापून सगळे मोकळे झाले असते. संशोधकांनी डुकरं पुढे जिवंत ठेवली. त्यानंतरच्या आठवड्यांत, ज्यांची हृदयं सुधारली होती त्यांतली बहुतेक डुकरं एकाएकी मेली. हृदय कमजोर होऊन नव्हे, ठोक्यांचा ताल बिघडून.

मला हे प्रकरण या क्षेत्रातल्या डझनभर यशोगाथांपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं. ही मरणं कुठल्या तरी पुरवणी तक्त्यात न दडवता सारांशातच सांगितली, याबद्दल संशोधकांचं कौतुकही करायला हवं. औषधाने पेशींना दिलेला संदेश खोटा नव्हता. गर्भात हृदय वाढवताना शरीर जी यंत्रणा वापरतं, तिलाच तो हात घालत होता. फरक एवढाच, की गर्भातला प्रत्येक संदेश ठरलेल्या वेळी सुरू होतो आणि ठरलेल्या वेळी बंद होतो. डुकरांच्या हृदयात गेलेल्या संदेशाला बंद होण्याची सोयच नव्हती.

अटॅकनंतर मागे काय राहतं

माणसाच्या डाव्या निलयात, म्हणजे सगळ्या शरीराला रक्त ढकलणाऱ्या कप्प्यात, अंदाजे २०० ते ४०० कोटी स्नायूपेशी असतात. मोठ्या अटॅकमध्ये त्यांतल्या १०० कोटींपर्यंत पेशी काही तासांत मरू शकतात. (छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, की ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नये, ते याच हिशोबामुळे. अँजिओप्लास्टी जितकी लवकर होईल तितक्या पेशी वाचतात, आणि गेलेल्या पेशी आज कुठलाच डॉक्टर परत आणून देऊ शकत नाही.)

उरलेल्या पेशी विभागून नव्या का बनत नाहीत? मुळात प्रौढ हृदयात नव्या पेशी बनतात की नाही, यावरच कित्येक वर्षं वाद होता. तो मिटला तो चक्क अणुबाँबच्या चाचण्यांमुळे. १९६३ च्या करारापूर्वी उघड्यावर झालेल्या स्फोटांनी हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण खूप वाढलं, आणि नंतर ते वर्षागणिक उतरत गेलं. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेतला कार्बन तिच्या डीएनएत कायमचा बसतो, म्हणजे प्रत्येक पेशीवर जन्मसालाचा शिक्का असतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने हा शिक्का वाचला आणि २००९ मध्ये आकडे दिले: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी बदलतात, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के. आयुष्यभराचा हिशोब केला तरी निम्म्याहून अधिक पेशी जन्मापासूनच्याच. म्हणजे क्षमता शून्य नाही, पण १०० कोटींचं नुकसान या वेगाने भरून निघणं अशक्य आहे.

मग शरीर दुसरा मार्ग घेतं. मेलेल्या पेशींतून सांडलेले रेणू पाहून पांढऱ्या पेशी धावत येतात, मलबा उचलतात. त्यांच्यामागोमाग टीजीएफ-बीटा नावाचा संदेश पसरतो आणि तंतुपेशी कोलॅजन हे दोरीसारखं चिवट प्रथिन विणायला घेतात. काही आठवड्यांत त्या जागी पांढरट, चिवट व्रण तयार होतो. हा व्रण आकुंचन पावत नाही, त्याच्यातून विजेचा संदेश नीट जात नाही, आणि हळूहळू कप्पा फुगत जातो. घरोघरी ऐकू येणारं “पंपिंग पस्तीसवर आलंय” हे वाक्य इथून येतं.

व्रणाला खलनायक ठरवण्याची घाई मात्र करू नये. डाव्या निलयात दर ठोक्याला पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्या आसपास दाब चढतो. मेलेल्या, मऊ पडलेल्या भिंतीला तो सोसायचा असतो. पेरिऑस्टिन हे व्रणबांधणीतलं एक प्रथिन ज्यांच्यात नाही अशा उंदरांत अटॅकनंतरच्या पहिल्या दहा दिवसांत हृदय फुटून मरण्याचं प्रमाण जास्त असतं. व्रण बांधणारा संदेश आधी जीव वाचवतो, नंतर त्रास देतो. तोच रेणू, तेच हृदय, फक्त आठवडा वेगळा. पुढच्या सगळ्या कथेत हे ध्यानात ठेवावं लागतं.

गर्भात हृदय बांधताना

माणसाच्या गर्भात हृदय साधारण २२ व्या दिवशी धडधडू लागतं. तोवर ते एक साधी नळी असतं, आणि ती नळी बांधण्यासाठी मोजके चार-पाच संदेशच पुन्हा पुन्हा वापरले जातात: व्हिंट, बीएमपी, एफजीएफ, नॉच, न्यूरेग्युलिन. हृदयासाठी खास राखून ठेवलेला असा यांत एकही नाही. हेच रेणू हाडात, आतड्यात, मेंदूतही काम करतात. पेशी काय होणार हे ठरतं ते कोणता संदेश, कोणत्या शेजाऱ्याकडून, किती वेळ आणि कशानंतर आला यावर.

व्हिंटचं उदाहरण यात सगळ्यात स्पष्ट आहे, आणि ते प्रयोगशाळेच्या तबकडीत डोळ्यांनी पाहता येतं. माणसाच्या त्वचेतून किंवा रक्तातून बनवलेल्या मूळपेशींपासून (स्टेमसेल, ज्यांच्यातून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) हृदयपेशी बनवायच्या असतील, तर पहिल्या दिवशी व्हिंटचा मार्ग जोरात चालू करणारं एक रसायन २४ तासांसाठी घालतात. मग ते काढून टाकतात. तिसऱ्या दिवशी बरोबर उलटं करतात, व्हिंट बंद पाडणारं रसायन घालतात आणि दोन दिवसांनी तेही धुऊन टाकतात. दहाव्या दिवसाच्या आसपास सूक्ष्मदर्शकाखाली तबकडीचे तुकडेच्या तुकडे ठोके देऊ लागतात. बाहेरून बाकी फारसं काही घातलेलं नसतं. पहिलं रसायन काढायला विसरलं किंवा दुसरं घातलंच नाही, तर पेशी जगतात, वाढतात, पण बहुतेक हृदयाच्या होत नाहीत. ठोके देणाऱ्या या पेशी पहिल्यांदा पाहणाऱ्याचं लक्ष ठोक्यांकडे जातं. मला त्या कृतीतलं ‘काढून टाका, धुऊन टाका’ हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण गर्भही हेच करतो. आधी व्हिंट हवं, मग त्याला अडवणारे रेणू शेजारच्या थरातून यायला हवेत, मग हृदयाच्या राखीव पेशी वाढवायला ते पुन्हा हवं, आणि पेशी पक्व करायला पुन्हा कमी व्हायला हवं.

दुसरं उदाहरण न्यूरेग्युलिनचं. हृदयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी न्यूरेग्युलिन-१ सोडतात, स्नायूपेशींवरचे एर्बबी-२ आणि एर्बबी-४ हे ग्राही मिळून तो पकडतात, आणि निलयाच्या आत स्नायूंचे दोरखंड तयार होतात. १९९५ मध्ये या तिन्ही जनुकांपैकी एकेक काढून टाकलेले उंदीर बनवले गेले. तिन्ही प्रकारांत गर्भ अर्ध्या वाटेवरच मेले, कारण स्नायूंचे ते दोरखंड उभेच राहिले नव्हते. या एर्बबी-२ चं दुसरं नाव पुष्कळ घरांत माहीत असतं: हर-टू. स्तनाच्या ‘हर-टू पॉझिटिव्ह’ कर्करोगात हाच ग्राही अतिरेकी वाढ घडवतो आणि ट्रॅस्टुझुमॅब हे औषध तो अडवतं. ते इंजेक्शन चालू असताना दर काही महिन्यांनी टू-डी इको का करायला सांगतात, याचं कारण इथे आहे. प्रौढ हृदयालाही हा संदेश थोडाफार लागतो.

आणि तिसरा मार्ग, जो आपल्या प्रकरणाचा खरा नायक आहे: हिप्पो. नाव फळमाशीवरच्या संशोधनातून आलं. हे जनुक बिघडलं की माशीचे अवयव बेसुमार वाढतात. हिप्पोचं काम वाढीला लगाम घालण्याचं आहे. त्यातल्या लॅट्स या प्रथिनाने यॅप नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवलं, की यॅप केंद्रकाबाहेर अडकून पडतं. फॉस्फेट नसलं की ते केंद्रकात शिरून विभाजनाची जनुकं चालू करतं. २०११ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी या साखळीतलं सॅल्व्हाडोर हे जनुक उंदराच्या गर्भहृदयातून काढलं. हृदयाच्या भिंती जाड झाल्या, आणि त्या पेशी फुगल्यामुळे नव्हे, पेशींची संख्या वाढल्यामुळे.

जन्मानंतर हे सगळं झपाट्याने आवळलं जातं. उंदराच्या पिल्लात आठवड्याभरात एर्बबी-२ चं प्रमाण उतरतं, हिप्पोचा पहारा कडक होतो. फुप्फुसं चालू झाल्यावर रक्तातला ऑक्सिजन एकदम वाढतो. डॅलसच्या हेशम सादेक यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं, की या ऑक्सिजनातून बनणारे तिखट रेणू डीएनएला इजा करतात आणि त्या इजेला उत्तर म्हणून पेशी विभाजन थांबवते. पुढे त्यांनी प्रौढ उंदरांना हळूहळू ७ टक्के ऑक्सिजनच्या हवेत आणून दोन आठवडे ठेवलं, तेव्हा थोडं विभाजन परत सुरू झालं. ही माहिती म्हणून छान आहे. अटॅक आलेल्या माणसाला असल्या हवेत ठेवणं म्हणजे त्याला एव्हरेस्टवर नेऊन बसवण्यासारखं होईल.

मासा, पिल्लू आणि ऑस्ट्रियातलं बाळ

निसर्गात हे काम नीट जमतं कुणाला? झेब्राफिशला. दक्षिण आशियातल्या ओढ्यांत, भातखाचरांत सापडणारा हा बोटाच्या पेराएवढा मासा. २००२ मध्ये केनेथ पॉस आणि सहकाऱ्यांनी त्याच्या निलयाचा सुमारे २० टक्के भाग कात्रीने कापून टाकला. दोन महिन्यांत तिथे नवा स्नायू आला, व्रण जवळजवळ राहिला नाही. २०१० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं, की हा स्नायू कुठल्या गूढ मूळपेशींतून येत नाही. जखमेजवळच्या स्नायूपेशीच आपली अंतर्गत मांडणी थोडी सोडतात, विभागतात आणि पुन्हा कामाला लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही झेब्राफिशच्या हृदयाच्या घडणीवर आणि डागडुजीवर काम चालतं.

२०११ मध्ये डॅलसच्या गटाने एका दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं. २१ दिवसांत ते भरून आलं. हाच प्रयोग सात दिवसांच्या पिल्लावर केला तर व्रण उरला. डुकराच्या पिल्लांत तर ही मुभा जन्मानंतर जेमतेम दोन दिवस असते.

माणसात असे प्रयोग करता येत नाहीत, पण एक घटना नोंदलेली आहे. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये एका नवजात बाळाची हकीकत प्रसिद्ध केली. हृदयधमनी बंद झाल्याने त्या बाळाला जबरदस्त अटॅक आला होता. रक्तातल्या खुणा, ईसीजी, इको, अँजिओग्राफी या सगळ्यांवर मोठं नुकसान दिसत होतं. काही आठवड्यांत हृदयाचं काम सुधारलं आणि पुढेही दीर्घकाळ ते सामान्य राहिलं. यावरून नव्या पेशी बनल्या असं सिद्ध होत नाही, कारण त्या मोजायला कुणी बाळाच्या हृदयाचा तुकडा काढणार नाही. तरीही सस्तन प्राण्याच्या हृदयात हा कार्यक्रम पुसलेला नसून मिटवून ठेवलेला आहे, या कल्पनेला तिने मोठं बळ दिलं.

मिटवलेला कार्यक्रम उघडायचा कसा, यावर मग सगळीकडे धडपड सुरू झाली. या धडपडीत फसवणूकही झाली. प्रौढ हृदयात मूळपेशींचा साठा असल्याचा दावा करणाऱ्या प्येरो अनव्हेर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस हार्वर्डने २०१८ मध्ये केली. तोवर त्या दाव्यांवर माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या होत्या. आजही ‘स्टेमसेलने पंपिंग वाढवून देतो’ म्हणणारे भेटतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांव्यतिरिक्त असे उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात. पैसे मागितले, की उठून यावं.

औषध कसं सापडलं

डुकरांना दिलेला रेणू त्या मानाने फार सचोटीने शोधला गेला होता. मायक्रोआरएनए हे वीस-बावीस अक्षरांचे छोटे आरएनए असतात. एकेक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांचे निरोप मध्येच पकडून त्यांचा आवाज कमी करू शकतो. इटलीतल्या ट्रिएस्ट इथे मॉरो जाक्का यांच्या गटाने माणसाच्या मायक्रोआरएनएंचा अख्खा संग्रह घेतला आणि उंदीर-घुशींच्या नवजात हृदयपेशींवर एकेक करून वापरून पाहिला. यंत्रमानवाने थेंब टाकायचे, स्वयंचलित सूक्ष्मदर्शकाने फोटो काढायचे, संगणकाने विभागणाऱ्या पेशी मोजायच्या. या चाळणीतून चाळीस रेणू निघाले. त्यांतल्या दोघांची पुढच्या कामासाठी निवड झाली: मिर-५९० आणि मिर-१९९ए. २०१२ मध्ये हे निकाल आले. अटॅक आलेल्या उंदरांतही दोघांनी हृदयाचं काम जवळजवळ पूर्ववत केलं.

मिर-१९९ए नेमकं काय करतो हे नंतर उलगडत गेलं. हिप्पोच्या साखळीतल्या, यॅपला अडवणाऱ्या प्रथिनांचं उत्पादन तो कमी करतो. पहारेकरी घटले, यॅप केंद्रकात गेलं, पेशी विभागायला मोकळी. जन्मानंतरच्या आठवड्यात लागलेलं कुलूप तो उघडतो.

रेणू पोचवायचा कशातून? एएव्ही नावाच्या निरुपद्रवी विषाणूतून. त्यातली विषाणूची जनुकं काढून तिथे मिर-१९९ए चं जनुक बसवलं. हृदयपेशींत शिरण्यात हा विषाणू वाकबगार आहे, तिथे सहसा मूळ गुणसूत्रांत घुसत नाही, स्वतंत्र कड्याच्या रूपात केंद्रकात बसून राहतो. आणि बसून राहतो म्हणजे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं. हिमोफिलियासारख्या आजारात, जिथे आयुष्यभर एक प्रथिन बनत राहायला हवं, तिथे हा गुण वरदान आहे.

मेलेल्या डुकरांच्या हृदयात काय दिसलं

महिन्याभरात मिर-१९९ए ने जे करायचं ते केलं होतं. स्नायूपेशींनी मांडणी सैल केली, विभाजन सुरू झालं, आकुंचन सुधारलं. पण विषाणूतलं जनुक थकत नव्हतं. डुकरं मेल्यावर हृदय तपासलं तेव्हा स्नायूच्या आत विभागत राहिलेल्या पेशींचे घोळके सापडले. या पेशी धड हृदयस्नायूच्या नव्हत्या. अपक्व, स्नायू बनण्याच्या सुरुवातीच्या पायरीवर अडकलेल्या दिसत होत्या. निबंधातही मृत्यू आणि हे घोळके एकत्रच नोंदले आहेत.

घोळक्यामुळे ताल का बिघडावा? ढोल-ताशा पथकात दोन-चारशे ढोल एका ठेक्यात वाजतात, कारण प्रत्येक जण शेजारच्याचा ठेका लगोलग उचलतो. मधलीच एक तुकडी ढोल खाली ठेवून त्याचं पान आवळत बसली, की ठेका त्यांच्या दोन बाजूंनी वळसा घालून जातो, एका बाजूने आधी आणि दुसऱ्या बाजूने उशिरा पोचतो, आणि काही क्षणांत पथकाचे दोन ठेके होतात. हृदयपेशी एकमेकींना कनेक्सिन-४३ या प्रथिनाच्या सूक्ष्म बोगद्यांनी जोडलेल्या असतात. पक्व पेशीत हे बोगदे दोन टोकांना दाटीने असतात, त्यामुळे विजेची लाट एका दिशेने वेगात जाते. अपक्व पेशीत ते सगळ्या अंगभर विखुरलेले असतात आणि लाट रेंगाळते. शिवाय विभागणारी पेशी आकुंचनाचे तंतू तात्पुरते मोडते. रेंगाळलेली लाट फिरून मागच्या, तोवर पुन्हा तयार झालेल्या स्नायूत शिरली, की गोल गोल फिरत राहते. त्यातून निलय नुसतं थरथरू लागलं, की रक्त ढकललं जात नाही आणि मृत्यू काही मिनिटांत येतो.

हे उंदरांत का नाही दिसलं? इथे प्राण्याची निवड आडवी आली. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं आणि ते इतकं छोटं असतं, की फिरणाऱ्या लाटेला पळायला पुरेशी जागाच मिळत नाही. अशी थरथर उंदरात सुरू झाली तरी टिकणं अवघड. डुकराच्या आणि माणसाच्या हृदयात मात्र जागा भरपूर आहे. उंदरातल्या यशाने हा धोका दाखवला नाही, कारण त्याला तो दाखवताच येत नव्हता. २०१४ मध्ये सिॲटलच्या गटाने मूळपेशींपासून बनवलेल्या १०० कोटी हृदयपेशी माकडांच्या हृदयात सोडल्या, तेव्हाही पेशी रुजल्या आणि सोबत तालाचे बिघाड आले होते. ती माकडं जगली, आणि बिघाड काळाबरोबर कमी होत गेले, कारण त्या पेशींना पक्व व्हायला कुणी अडवत नव्हतं. डुकरांत नेमकं तेच अडलं होतं.

वेळेचा प्रश्न, आणि थोडा मात्रेचाही

दुसऱ्या प्रयोगांशी ताडून पाहिलं की डुकरांचं मरण अपघाती वाटत नाही. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत एल्दाद त्झाहोर यांच्या गटाने २०१५ मध्ये असे उंदीर बनवले, ज्यांच्या हृदयात एर्बबी-२ चालू-बंद करता येतो. तो चालू ठेवला तर हृदय राक्षसी आकाराचं झालं. अटॅकनंतर थोडे दिवस चालू ठेवून बंद केला, तर पेशी आधी सैल झाल्या, विभागल्या, आणि बंद केल्यावर पुन्हा पक्व होऊन हृदय सुधारलं. झेब्राफिशसारख्या, ज्याला हे जन्मजात येतं त्या माशातही जखम नसताना न्यूरेग्युलिन-१ सतत देत राहिलं, तर हृदय वाढतच जातं. २०२१ मध्ये जर्मनीतल्या गटाने उंदरांच्या हृदयपेशींत पेशींचं वय मागे नेणारे चार जनुक चालू केले. थोडे दिवस चालू ठेवल्यावर डागडुजी झाली, जास्त दिवस ठेवल्यावर गाठी.

एवढं सगळं एका दिशेला बोट दाखवत असताना एक प्रयोग मात्र खटकतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ह्यूस्टनच्याच गटाने २०२१ मध्ये डुकरांना अटॅकनंतर एएव्हीतूनच एक जनुकीय औषध दिलं, जे सॅल्व्हाडोरचं उत्पादन दाबतं. म्हणजे मार्ग तोच, हिप्पो. वाहनही तेच, न थकणारं. तीन महिन्यांनी रक्त ढकलण्याचं प्रमाण, आपलं ते ‘पंपिंग’, १४.३ टक्क्यांनी वाढलं, आणि डुकरांवर मिर-१९९ए सारखी पाळी आली नाही. म्हणजे बंद न होणारा प्रत्येक संदेश मारकच, असं सरसकट म्हणता येणार नाही. माझ्या मते फरक दोन जागी आहे. मिर-१९९ए एकाच वेळी शेकडो निरोप दाबतो, त्यांत पेशीला पक्व ठेवणारेही काही असणार. सॅल्व्हाडोर दाबणं हा एकाच कडीवरचा घाव आहे, आणि तोही अर्धवट, कारण या पद्धतीने जनुक पूर्ण बंद होत नाही, मंद होतं. पहारेकरी झोपवलेला नाही, त्याची पाळी कमी केलेली आहे. तेव्हा कालावधीइतकाच मात्रेचा आणि निशाण्याच्या नेमकेपणाचाही हिशोब इथे करावा लागतो.

जाक्का यांच्या गटाने बंद न होणाऱ्या संदेशावरची एक वाट डुकरांच्या निबंधाआधीच, २०१७ मध्ये, चाचपली होती. विषाणू सोडून द्यायचा आणि मिर-१९९ए ची कृत्रिम नक्कल मेदाच्या थेंबांत गुंडाळून एकदाच टोचायची. उंदरात हा रेणू किमान १२ दिवस पुरेशा प्रमाणात टिकला आणि एवढ्याने हृदयाचं काम सुधारलं. पुढे तो आपोआप विरघळून जातो. बंद करायला कुणी जावं लागत नाही. करोनाच्या लसींमुळे मेदकणांतून आरएनए पोचवण्याची कला आता जगभर रुळली आहे. अडचण आहे ती हृदयाची: नसेतून दिलेले मेदकण बहुतांशी यकृत गिळतं, त्यामुळे अजून तरी थेट हृदयात सुई घालावी लागते.

दुसरी वाट माशाकडून आली आहे, आणि मला ती जास्त हुशारीची वाटते. पॉस यांच्या गटाने झेब्राफिशच्या डीएनएत असे छोटे तुकडे शोधले, जे स्वतः कुठलंही प्रथिन बनवत नाहीत. जखम झाली की शेजारचं जनुक चालू करायचं आणि जखम भरत आली की बंद करायचं, एवढंच त्यांचं काम. २०२३ मध्ये त्यांनी हे तुकडे एएव्हीत बसवून उंदरांच्या आणि डुकरांच्या हृदयात पाठवले. माशाशी या प्राण्यांचं नातं ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच तुटलेलं, तरी तुकड्यांनी जखमेची जागा ओळखली आणि तिथेच जनुक चालू केलं. उंदरांत अशा एका तुकड्याला सदा चालू राहणारं यॅप जोडलं, तेव्हा ते अटॅकनंतर जखमेच्या भागात चालू झालं, स्नायूपेशी विभागल्या, आणि जखम निवत गेली तसं यॅप आपोआप उतरलं. हृदयाचं कामही सुधारलं. विषाणू अजूनही पेशीत बसलेलाच आहे, पण बोलतो तो जखमेने विचारलं तरच.